आहेराच्या वहीची मागची पानं

दिनानाथ घरत ट्रेलर चालवतो. उरणच्या यार्डातून कंटेनर उचलायचा, सांगतील तिथे टाकायचा, रिकामा घेऊन परत यायचं. पगार बावीस हजार, ट्रिपांचा भत्ता धरून अठ्ठावीस. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस स्वतःच्या ट्रेलरचा मालक होता आणि काचेवर बायकोचं, सखुबाईचं, नाव रंगवून फिरत होता. मग हप्ते थकले. ट्रेलर वाचवायला त्याने सखुबाईचं गंठण एका पतसंस्थेत तारण ठेवलं. पुढे ट्रेलर फायनान्सवाल्यांनी उचलून नेलाच, आणि गंठण तिकडेच अडकलं.

ते गंठण साधं नव्हतं. सखुबाईची आई मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. वीस वर्षं वाहिल्या. पायाच्या भेगांत मीठ जाऊन जखमा व्हायच्या, त्या कधी भरल्या नाहीत. तेवढ्या वर्षांत गुंज गुंज सोनं जमवून तिने लेकीसाठी ते करवून घेतलं होतं. गावातल्या म्हाताऱ्या अजून त्याला सखूचं म्हणत नाहीत, तिच्या आईचंच म्हणतात.

नोव्हेंबरात पतसंस्थेचं पत्र आलं. सव्वीस मेपर्यंत व्याजासकट सत्तर हजार भरा, नाहीतर लिलाव. ते पत्र घेऊन दिनानाथ माझ्याकडे आला. संघटनेतर्फे ड्रायव्हर-क्लीनरांच्या थकलेल्या पगारासाठी मी भांडत असते, म्हणून लोकांना वाटतं की कुठलाही छापील कागद माझ्या आवाजाला घाबरतो.

"रश्मीताई, ह्यांना जरा दम द्या," तो बोलला.

मी पत्र दोनदा वाचलं. दम द्यायला जागाच नव्हती. सही त्याची, तारीख त्याची, व्याजाचा दर वर ठळक छापलेला. मी चिडले ते त्याच्यावरच. "तुमच्याकडे महिन्याला अठ्ठावीस येतात. जातात कुठे?"

"घरखर्चाला."

"किती?"

ट्रेलरमध्ये डिझेल किती लिटर उरलंय ते हा माणूस आवाजावरून सांगतो, पण घरात किती जातं ते त्याला माहीत नव्हतं. मी नववीत शाळा सोडली. हिशोब मला कोणी शिकवला नाही, चार वेळा फसले तेव्हा आपोआप आला. मी त्याला एकच सांगितलं: रोज लिहायचं. चहा, पान, बाजार, रिचार्ज, नातवाचा खाऊ, सगळं. महिन्याला सोळा हजारांच्या वर जायचं नाही. बाकीचे बारा पतसंस्थेत. सहा महिने.

"लिहायचं हाय ते बरं हाय," तो बोलला. "आमचा बा सांगायचा, मुकादमाच्या वहीत आपली टोपली नेहमी कमीच भरते. आपली वही असती तर बरं झालं असतं."

नवी वही मात्र त्याने घेतली नाही. वीस रुपये कशाला घालवायचे? घरात एक जाड वही होती, अर्धी कोरी. ती उलटी करून त्याने मागून लिहायला सुरुवात केली.

आणि काय लिहायचा! 'एक कटिंग दहा. मित्राने पाजला, शून्य.' 'मासळीबाजार, कोलीम पाव किलो साठ.' 'सखुची गोळी सत्तावीस, दोन उरल्या.' एका पानावर 'टायरवाल्याशी भांडण, खर्च नाही' असंही होतं. पान खायची सवय त्याने डिसेंबरातच सोडली, कारण म्हणे रोज तोच आकडा लिहायची लाज वाटते. सखुबाई हसायची. "आमचे ह्ये आता भाजीवालीला पन विचारतात, कोथिंबीर कुठल्या खात्यात टाकू?"

फेब्रुवारीच्या शेवटी मी वही बघायला गेले. महिन्याची बेरीज सोळा हजारांच्या आतच होती, तिन्ही महिने. मला बरं वाटलं. मग मी पतसंस्थेच्या पावत्या काढल्या. छत्तीस हजार भरलेले असायला हवे होते. भरले होते पंधरा.

"एकवीस हजार कुठे गेले, दिनानाथभाऊ?"

"सगलं लिवलंय की."

"लिहिलंय ते खर्च झालं. उरलेलं कुठे आहे?"

त्याने वहीची मागची पानं पुन्हा चाळली. माझ्या डोक्यात नको ते आलं. दारू, मटका, मोबाइलवरचा जुगार, गेल्या पाच वर्षांत मी ह्या सगळ्यांपायी घरं बसताना बघितलीत. ते सगळं मी त्याला त्याच्याच ओटीवर, शेजारी ऐकत असताना, बोलून दाखवलं. त्याचा चेहरा लाल झाला. "ताई, तुमी मोठ्या हाव. पन माज्या घरात मना जुगारी बोलू नका."

सखुबाई आतून आली. तिने वही माझ्या हातातून घेतली, पालथी केली आणि पुढचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

ती आहेराची वही होती. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाची, प्रणयची, हळद झाली तेव्हाची. आमच्या ह्या पट्ट्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवात टेबल टाकून एक जण वही घेऊन बसतो, दुसरा माइकवर पुकारतो, अमक्यांकडून इतके, तमक्यांकडून तितके. ती वही घरात देवाच्या फोटोमागे राहते. ज्याने जेवढं दिलं तेवढं, वर काही घालून, त्याच्या घरच्या हळदीला परत करायचं. परत केलं की नावापुढे खूण. डिसेंबर ते फेब्रुवारी दिनानाथने अकरा खुणा केल्या होत्या. मी तिथेच बेरीज केली. एकवीस हजार.

"हे मागे का नाही लिहिलं?"

दिनानाथला प्रश्नच कळला नाही. "मागं खर्च हाय ना. ह्यो खर्च कुठं हाय? ह्यो तर मान हाय. त्यांनी दिलेलं त्यांना दिलं."

मी हसले नाही. मी शांत होत गेले, आणि ते माझ्या बाबतीत क्वचितच होतं. ह्या माणसाने कटिंगचे दहा रुपये लिहिले होते. मित्राने पाजलेल्या चहाचं शून्यसुद्धा लिहिलं होतं. आणि पाकिटात घालून दिलेले हजार-दोन हजार त्याला पैसे वाटलेच नव्हते.

मार्चपासून त्याने मागे एक रकाना वाढवला. आहेर. लांबच्या भावकीला हजाराच्या जागी दोनशे. एका लग्नात टेबलावरचा माणूस म्हणे त्याच्याकडे बघून बोलला, "दोनशेच? दिनानाथशेठ, सुट्टे परत देऊ का?" त्याने ते ऐकून घेतलं. आठवड्याला रात्रपाळीच्या दोन ट्रिपा जास्तीच्या मारल्या. सखुबाईने जवळा सुकवून बाजारात विकला. बिडीचा रकाना सलग तीन आठवडे कोरा राहिला, मग एका दिवशी त्यात 'दोन बिड्या, रागाने' असं आलं.

मेच्या वीस तारखेला पतसंस्थेचे दहा हजार तीनशे उरले होते. आणि सखुबाईच्या पत्र्याच्या डब्यात होते बरोबर अकरा हजार. पुढचा पगार सात जूनला. लिलाव सव्वीसला.

सुटलं, असं मी म्हटलं. सखुबाईने डब्याचं झाकण लावलं.

"तेवीसला परेशची हलद हाय," ती बोलली.

परेश म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, हिराजीचा मुलगा. मी वही पुढून उघडली. पहिल्याच पानावर, पहिलंच नाव. हिराजी. अकरा हजार. खाली लाल रेघ.

"माइकवर तीन डाव पुकारलेलं," दिनानाथ बोलला. "अख्ख्या मांडवात सगल्यात मोठं. तो मेहुना माजा. मी त्या घरचा जावई हाय, ताई."

माझा तोल गेला. "फाडा ती पानं! पुढची सगळी. हे कर्जच आहे, फक्त ह्याची नोटीस येत नाही एवढंच. बायकोच्या आईचं सोनं जाऊ देणार, माइकवर नाव यावं म्हणून?"

दिनानाथ उठून उभा राहिला. "फाडा? ह्या पानांवरच्या मानसांनी माज्या पोराची हलद केली. ट्रेलर नेला त्या दिवशी ह्यांतलेच चार जन रस्त्यात आडवं पडलेले. तुमच्या संघटनेचा एक पन न्हवता तिथं." आणि मग, जरा खाली आवाजात, "मी कुनाचं बुडवनार न्हाय. पतसंस्थेचं न्हाय न हिराजीचं पन न्हाय."

"मग दोन्ही अकरा हजारात कसं बसवणार?"

मी घरी आले. संघटनेचा एकही नव्हता, हे खरं होतं. तेच मला जास्त लागलं.

तेवीसला मला आमंत्रण होतं, हिराजीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर आमचा सभासद. दिवे लागायच्या वेळी मी मांडवात पोचले. एका कोपऱ्यात धवलारीण परेशला समोर बसवून लग्नाचे धवळे गात होती, पण डीजेची चाचणी सुरू झाल्यावर तिच्या तोंडाची नुसती हालचाल दिसायला लागली. सखुबाई हिरव्या साडीत, गळ्यात खोटं गंठण. लांबून कळलं नसतं.

दिनानाथने टेबलावर पाकीट ठेवलं. माइकवाल्याने नाव बघून आवाज चढवला, "आपल्या घरचे जावई, श्री. दिनानाथ घरत यांजकडून..." आणि पाकीट उघडून थांबला. माइकवर हात ठेवून तो वाकला. "भाऊ, दुसरं पाकीट गाडीत राहिलंय का?"

"न्हाय. हाय तेच वाच."

"अवं, पन..."

"वाच की! लिवलंय ते वाच."

"पाचशे एक रुपये."

आवाज सगळीकडे गेला. हिराजी मटणाच्या टोपाजवळ उभा होता, तो हात पुसत आला. धिप्पाड माणूस, गळ्यात बोटाएवढी साखळी.

"काय पावनं? माजं अकरा हजार तीन डाव पुकारलेलं. ह्यो तीनदा पुकारला तरी दीड हजार होतात."

दोघं-तिघं हसले. दिनानाथ खाली बघत होता. मी पुढे होणार इतक्यात सखुबाई मधे आली. तिने पदर बाजूला केला आणि गळ्यातलं दोन बोटांत धरलं.

"दादूस, ह्यो बघ. खोटा हाय."

हिराजीने बघितलं.

"आयचं सोनं तारन हाय. मंगलवारी लिलाव. डब्यात अकरा हजार होतं. तुज्या पाकिटात टाकलं असतं तर माइकवर आमचं नाव आलं असतं न आयचं सोनं गेलं असतं. बोल, काय करू?"

"मंग आधी मना सांगायचं!" हिराजी ओरडला, पण ओरडण्यात आता जोर नव्हता. "मी न्हाय का बसलो? दिलं नसतं काय?"

"दिलं असतंस. न परत तुजंच नाव लिवायचं त्या वहीत. एक फेडलं न्हाय अजून." मग ती बोलली, "तुजं बाकी हाय. बुडवनार न्हाय. पन आधी आय."

हिराजी तिच्या गळ्याकडे बघत राहिला. मग वळला आणि टोपाकडे गेला. रात्रभर तो दिनानाथशी बोलला नाही. जेवायला बसल्यावर मात्र वाढणाऱ्या पोराने दिनानाथच्या ताटात दोनदा मटण वाढलं. ते कोणी सांगितलं की पोराने आपणहून वाढलं, मला माहीत नाही.

पंचवीसला आम्ही तिघं पतसंस्थेत गेलो. दहा हजार तीनशे भरले. खिडकीतला माणूस बोलला, "नोटीस खर्च साडेतीनशे." मी आवाज लावायला तोंड उघडलं, तर त्याने पत्राच्या मागची बारीक ओळ दाखवली. ती मी दोनदा वाचूनही मला दिसली नव्हती. दिनानाथकडे उरले होते एकशे नव्व्याण्णव. वरचे एकशे एक्कावन्न मी टाकले. गंठण लाल कापडात बाहेर आलं. सखुबाईने ते तिथेच, खिडकीसमोर उभं राहून घातलं, आणि खोटं काढून पिशवीत टाकलं.

आठ जूनला दिनानाथ माझ्याकडे एकशे एक्कावन्न घेऊन आला. मी नको म्हटलं. त्याने वही उघडली, मागचं पान. 'रश्मीताई, देणे १५१.' म्हणाला, लिहिलंय ते कापायचं कसं, दिल्याशिवाय? मी घेतले.

तिथून दोघं हिराजीकडे गेले, दोन हजार घेऊन. हिराजीने ते हातात घेतले नाहीत. "आहेर असा हप्त्यानं देतात व्हय? लोक काय बोलतील?"

"लोकांना सांगू नको," सखुबाई बोलली. "वहीत लिव."

हिराजीची बायको चहा ठेवून गेली, चहा निवला. मग त्याने देवाच्या फोटोमागून स्वतःची वही काढली, परेशच्या हळदीची, नवी करकरीत. बहिणीच्या घरचं नाव शोधलं. पाचशे एकच्या शेजारी 'दोन हजार' लिहिलं, आणि पेन तसंच धरून थोडं थांबून दिनानाथला विचारलं, पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच,

"तारीख काय आज?"