लिंबाखालच्या दोन बाटल्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. सलीमला तर नाहीच — त्याला सांगायचं म्हणून कितीदा त्याच्या गॅरेजपर्यंत गेलो आणि गाडीत हवा भरून परत आलो. आज तुम्हाला सांगतोय. पण कुठून सुरू करू? आधी पळण्याचंच सांगतो. ते सांगताना अजूनही माझ्या पोटऱ्या शिवशिवतात, त्याला मी काय करू?

मांजरसुंब्याजवळच्या आमच्या गावात मी सहकारी दूध संघाच्या संकलन केंद्रावर कामाला होतो. वर्ष दुष्काळाचं. विहिरींना तळ दिसत होता, जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरच्या रांगेत. नेमक्या अशा वर्षी आमच्या अध्यक्षांच्या मनात आलं, की संघाचा वर्धापनदिन पळून साजरा करायचा. मॅरेथॉन तर कुणीही घेतं, आपण तिच्याहून लांबची घेऊ — अल्ट्रामॅरेथॉन! मांजरसुंब्याच्या चौकातून निघायचं, पाटोद्याला जायचं आणि आल्या रस्त्यानं माघारी. पन्नास किलोमीटरच्या वर. आम्हाला तो शब्द धड म्हणताही येत नव्हता, तरी सलीमनं आणि मी सगळ्यांच्या आधी नावं दिली.

सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. चौकात त्याचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. त्याच्या नखांत कायम काळं ऑइल, आणि पळायला लागला की अंगात वारं भरल्यासारखा. पहाटे मी दुधाचे कॅन उतरवून घ्यायचो, तो येऊन बाहेर शीळ घालायचा, आणि आम्ही सुटायचो. छावणीतले लोक ओरडायचे, "कावून पळता रे, कुत्रं मागं लागलं का?" टँकरवाले हॉर्न वाजवायचे. आणि आम्ही हसत पळायचो! सलीमचा एकच धडा होता — "बोलत पळ बे. बोलता येतंय तवर पळता येतंय." मग आम्ही बोलायचो. लग्नाचं, राजकारणाचं, कुणाच्या तरी म्हशीचं. शेवटच्या चढाला मात्र माझं बोलणं बंद पडायचं आणि तो पुढे निघून जायचा. रोज. वर पोचून तो दगडावर बसून माझी वाट बघायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर कधी जिंकल्याची खूण नसायची. तुम्हाला खरं सांगू? तेच मला खुपायचं.

शर्यतीत वाटेवर प्यायला काय ठेवायचं, यावर संघाच्या बैठकीत बराच खल झाला. अध्यक्ष म्हणाले, "लोक घागरी घेऊन उन्हात उभे हायेत आन् आपण पळणाऱ्यांना पाणी वाटायचं? बरं दिसंल का? आपला दूध संघ हाय. दूध ठेवा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. दूध पिऊन पळणारा माणूस किती लांब जाईल, हा विचार तिथं कुणाच्याच डोक्यात आला नाही.

सलीमच्या आला. पाटोद्याकडून परतताना रस्त्याकडेला एक जुना लिंब लागतो, त्याच्या बुडाशी खड्डा करून ओल्या गोणपाटात दोन बाटल्या ठेवायच्या, असं त्यानं ठरवलं. एक त्याची, एक माझी. आमच्या घरून पाणी मी आणणार होतो. पण रांगेत कोण थांबणार? शेवटी दोन्ही बाटल्या सलीमच्या अम्मीनं भरून दिल्या, तिच्या वाट्याच्या घागरीतून.

शर्यतीचा दिवस! काय सांगू तुम्हाला — चौकात हलगी कडकडत होती, ढाब्यांच्या गच्च्यांवर माणसं चढली होती, अध्यक्षांनी झेंडा दाखवायच्या आधीच अर्धे लोक सुटले होते. पुण्याकडून आलेले काही जण होते, त्यांचे बूट बघून आम्ही आपल्या बुटांच्या नाड्या पुन्हा एकदा आवळल्या. पण पहिल्या दोन-तीन गावांतच दुधानं कमाल केली. पेले गटागटा रिकामे करून पुढच्या वळणावर एकेक जण वाकून उभा! आम्ही दोघांनी मात्र पेल्याला हात लावला नव्हता. पाटोद्याच्या बाजारातून वळलो तेव्हा सलीम माझ्या खांद्याला खांदा लावून होता. तिथं एक परका पोरगा ओकून ओकून रस्त्यावर बसला. सलीम थांबला. त्याला धरून सावलीत नेऊ लागला आणि मला म्हणाला, "तू व्हय पुढं, मी आलोच."

मी झालो पुढे. आयुष्यात पहिल्यांदा मी सलीमच्या पुढे होतो! ऊन चढलं होतं, डांबर तापलं होतं, पण मला काही लागत नव्हतं. पाय आपोआप पडत होते. वाटेतली माणसं टाळ्या वाजवत होती, एक म्हातारी तर दोन्ही हात उंचावून ओरडत होती. मी एवढा खूश कधीच झालो नव्हतो — लग्नातही नाही, हे बायकोनं वाचलं तरी चालेल.

लिंब आला. खड्डा उकरला, गोणपाट अजून ओलं होतं. माझी बाटली मी अर्धी प्यालो, आणि तेवढ्यानंच पोट भरलं. मग मागे वळून बघितलं. लांब, सरळ रस्त्यावर सलीमचा लाल शर्ट दिसत होता. येत होता. नेहमीसारखा, वारं भरल्यासारखा.

तुम्हाला वाटेल, तहान होती. नव्हती. मी त्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. किती गार होतं ते! मानेवरून पाठीत, पाठीतून पायांत. खाली माती ते पिऊन गेली, डागसुद्धा राहिला नाही. मग दोन्ही बाटल्या — हो, माझीसुद्धा, उरलेल्या पाण्यासकट — मी बाभळीच्या झुडपात लांब फेकल्या. म्हणजे कुणीतरी दोन्ही नेल्या असं वाटावं. एवढा विचार मी केला. उत्साहाच्या भरात हात गेला असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवली नाही.

आणि पळालो! तिसरा आलो. जिल्ह्यातल्यांत पहिला. गुलाल, हलगी, खांद्यावर मिरवणूक. अध्यक्षांनी मला कडकडून मिठी मारली.

सलीम आला तो संघाच्या टेम्पोतून, रिकाम्या कॅनांमध्ये बसून. पायांत गोळे आले होते, ओठ फुटले होते. लंगडत माझ्याकडे आला आणि पहिलं काय विचारलं असेल?

"माझं पाणी कुणीतरी पिलं बे. तुझं तरी गावलं का?"

सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "न्हाई. माझं बी न्हाई गावलं."

त्याचे डोळे मोठे झाले. मग त्यानं मला उचललं — पायांत गोळे असताना — आणि साऱ्या चौकाला ओरडून सांगितलं, की हा गडी बिनपाण्याचा पळाला! तेव्हापासून माझं तेच नाव झालं. सत्कार झाले, शाळांमध्ये भाषणं झाली. आणि प्रत्येक ठिकाणी ती गोष्ट सलीमच सांगायचा, माझ्याहून रंगवून.

पळणं मात्र त्यानं सोडलं. मी विचारलं तेव्हा हसून म्हणाला, "दोघांलाबी पाणी नव्हतं. तू पोचलास, मी बसलो. आपल्यात तेवढा दम न्हाई, कळलं एकदाचं." त्यात राग नव्हता. त्यानं आपला हिशेब करून टाकला होता, माझ्या खोट्यावर. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला? चहा होता समोर. मी चहा प्यालो.

परवा तो मुलीला घेऊन घरी आला. रुखसाना आता कॉलेजला आहे, लांब पल्ल्याचं पळते, आणि बापासारखीच पळते — मी बघितलंय. सलीम तिला म्हणाला, "काकाला विचार. मला त्यातलं काय बी कळत न्हाई." तिनं विचारलं, "काका, वाटेत पाणी मिळालंच नाही तर काय करायचं?"

मी सांगितलं. मान खाली ठेवायची, श्वास मोजायचा, पाण्याचा विचार मनात येऊ द्यायचा नाही, पुढचं एक झाड धरायचं, मग त्याच्या पुढचं. छान सांगितलं. इतक्या वर्षांत सवय झालीय.

सलीम शेजारी बसून लक्ष देऊन ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "हे मला त्या दिवशी म्हाईत पाहिजे होतं बे."

मी म्हणालो, हो.