न लागलेलं दही

माझी मावशी अठ्ठावीस वर्षं डेअरीत विरजण सांभाळायची. सगळे तिला विरजणमावशीच म्हणत. पातेल्याजवळ नाक नेलं की कालचं विरजण आज थकलंय की ताजं आहे, हे ती सांगून मोकळी व्हायची. प्रयोगशाळेतलं यंत्र तेच तासाभराने सांगायचं. त्यामुळे त्या यंत्रावर आणि ते चालवणाऱ्या भाचीवर, म्हणजे माझ्यावर, तिचा काडीचा विश्वास नव्हता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ही बाई न पोळताच फुंकायची. आणि तिची भाची असल्यामुळे मीही तिच्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

मग काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, रक्ताचा आजार झाला. उपचारांनी पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पेशी वाढेपर्यंत जिवंत जिवाणू असलेलं काही पोटात जायला नको. दही बंद." काका तर फक्त आंबट मागायचे. जेवण दोन घासांवर आलं, शर्ट खांद्यावरून घसरू लागला. त्यांची दशा बघून मावशी एक दिवस गुपचूप दह्याची वाटी पुढे करणार, अशी मला धास्ती होती.

त्याच सुमारास डेअरीत एक नवं पेय निघालं. दही लावायचं, घुसळायचं, मग तापवून त्यातले जिवाणू मारायचे. आंबटपणा तेवढाच राहतो आणि बंद बाटली फ्रिजशिवाय टिकते. डॉक्टरीणबाईंना विचारून मी सहा बाटल्या नेल्या.

"आधी वाढवायचं आणि मग मारायचं?" मावशीने बाटली उजेडात धरली. "उरलंसुरलं दही खपवायचा धंदा आहे हा. माझी हयात गेली तिथे, मला शिकवू नकोस."

माझ्या उत्साहावर तिने तिथल्या तिथे विरजण घातलं. ते काम तिला चांगलंच येत होतं.

दोन दिवसांनी गेले तर पाच बाटल्या जशाच्या तशा, एक उघडलेली. आणि ओट्याच्या कोपऱ्यात जाड टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. दही लावताना ती अगदी असंच गुंडाळायची. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, काकांच्या जिवाशी खेळतेस का गं?"

"उघड आणि बघ."

झाकण काढलं. आत नुसतं दूध, पातळ आणि गोड.

"तुझ्याच बाटलीतले दोन चमचे घातले होते काल," ती म्हणाली. "लागलं का काही? मेलेलं आहे ते, मेलेलं! असलं पाजून माणूस उभा राहतो होय?"

मला आधी हसू आलं, मग राग आला. शेवटी पातेलं आणि ती बाटली घेऊन आम्ही दोघी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी दुधात चमचा फिरवला. "दही लागलं असतं ना मावशी, तर ही बाटली मी तुमच्या हातून हिसकावून घेतली असती."

"पण मेलेल्याचा उपयोग काय?"

"जिवाणू मेले, तरी त्यांचे अंश आणि त्यांनी केलेलं आम्ल पोटात जातंच. त्याने काहींच्या पोटाला आराम पडल्याचं दिसलंय. यांना पडेल अशी हमी मी देत नाही. औषध समजू नका. चार घास जास्त जावेत म्हणून द्या."

बाहेर येताना मावशी म्हणाली, "ही बाई खरी दिसते. हमी देत नाही."

तरी तिचा संशय जातो कुठे! नव्या खेपेतल्या एका बाटलीतले दोन चमचे आधी दुधात जायचे. सकाळी दूध दूधच राहिलं की काकांचा पेला भरायचा. जन्मभर दही लागलं नाही की चिडणारी बाई आता लागलं नाही म्हणून खूश व्हायची.

पहिल्या घोटाला काकांनी तोंड वाकडं केलं. "तुझ्या हातची सर नाही." पण पेला संपवला.

माझाही संशयाचा किडा वळवळतच होता. ती काकांपाशी बसलेली पाहून मी फ्रिज उघडला. तिची विरजणाची डबी शोधत होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी आणलेलं विरजण तिने घरी एक दिवसही खंड न पाडता चालवलं होतं. डबी फ्रिजमध्ये नव्हती. फडताळात सापडली. घासून पालथी घातलेली, कोरडी.

"वास घेऊन बघ ना," मागून आवाज आला.

"कधी ओतून दिलंस?"

"डॉक्टरीण दही बंद म्हणाली, त्याच दिवशी." मावशीने डबी माझ्या हातातून काढून घेतली. "घरात ठेवलं असतं, तर माझाच माझ्यावर भरवसा नव्हता."

आतून काकांनी अर्धा पेला आणखी मागितला.