आजोबांच्या रॅकेटचं गटिंग

तुमच्या आजोबांची रॅकेट मी बिघडवली. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण ईराला गोष्ट अर्धी झाली की "पण आजी, चूक कुणाची?" असं विचारायची सवय आहे. चूक माझी.

तन्मय, डिसेंबरात तू आणलेली ती काळी रॅकेट आजोबांना फार आवडली. तिची तार मात्र पॉलिएस्टरची, कडक आणि करकचून ताणलेली. दोन महिन्यांत त्यांचं उजवं कोपर दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, "पंधरा दिवस विश्रांती. नंतरही दुखलं, तर टेनिस बंद."

डॉक्टर हे सहज बोलून गेले. त्यांना काय जातंय? आजोबा रोज सकाळी सहा ते आठ कोर्टवर असतात आणि त्या दोन तासांत मी घर चालवते. विश्रांतीच्या तिसऱ्याच दिवशी ते माझ्या स्वयंपाकघरात आले. (पाटबंधारे खात्यातला निवृत्त इंजिनिअर रिकामा बसला की त्याला सगळीकडे गळती दिसते.)

"हिंगाची डबी इथे का?"

"बत्तीस वर्षं इथेच आहे."

"पण वापर किती? दिवसाला दोन चिमटी! मग इतकी हाताशी कशाला?"

पाचव्या दिवशी डब्यांवर नंबर पडले. आठव्या दिवशी त्यांनी आमच्या मंदाबाईला भांडी घासण्याचा क्रम लिहून दिला. आधी काचेची, मग स्टीलची, कुकर शेवटी. मंदाबाईने कागद माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बाई, साहेब खेळाले कधी जातीन ते सांगा. नाई तर मले दुसरं घर पाहा लागते."

तेव्हा टेनिस बंद होऊन चालणार नव्हतं. आजोबांचं कदाचित चाललं असतं, माझं नाही.

तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला तो यासाठी. तन्मय, तुझं उत्तर मी वहीत शब्दशः उतरवून घेतलं आहे. "आजी, तार बदलून घ्या. मल्टिफिलामेंट सांगा, ती मऊ असते, हाताला धक्का कमी बसतो. आणि ताण पंचावन्नवरून बावन्न पौंडांवर आणा. चेंडू किंचित जास्त उडेल, पण कोपराला आराम मिळेल."

"आणि जास्त ताणली तर?"

"तर चेंडूवर ताबा चांगला राहतो. पण आजोबांना सध्या बावन्न बास."

इतका नेमका सल्ला मिळाल्यावर मी तो कागदावर तसाच्या तसा उतरवायचा होता. पण मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. पौंड हे माप आपल्या देशातून जाऊन जमाना झाला. ते लिहायला माझा हात धजेना. बावन्न पौंड म्हणजे साडेतेवीस किलोंहून जरा जास्त, म्हणजे चोवीस. मी स्वच्छ अक्षरात चिठ्ठी केली : "मल्टिफिलामेंट. ताण २४." खाली पट्टीने दोन रेघा मारल्या.

आमच्या सिंदी मेघेहून रिक्षाने वर्ध्यात खेळाच्या दुकानात गेले. दुकानदार प्रवीण माझाच विद्यार्थी, आठवी ब. आता टक्कल पडलंय. तो दिवसभर बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे तार ताणून बसवतो. टेनिसची रॅकेट त्याच्याकडे क्वचितच येते. त्याने चिठ्ठी वाचली, रॅकेट पाहिली, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"मॅडम, चोवीस?"

"चोवीस."

"टेनिसची हाय ना जी ही? लय ढिल्ली होईन."

"प्रवीण, लिहिलंय तेवढं करायचं. मनाचं काही घालायचं नाही."

"हो मॅडम," तो म्हणाला. उभा राहून!

रविवारी आर्वीच्या जोडीशी ज्येष्ठांचा दुहेरी सामना होता. विश्रांतीनंतरचा आजोबांचा पहिलाच खेळ. कोपर टिकलं तर टेनिस चालू, नाही तर हिंगाच्या डबीसकट माझं सगळं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात! मी थर्मास घेऊन बाकावर बसले.

समोरून सर्व्हिस आली. आजोबांनी नेहमीसारखा फटका मारला. चेंडू आर्वीकरांच्या डोक्यावरून गेला, जाळीच्या कुंपणावरून गेला आणि पलीकडच्या गच्चीवर उतरला. तिथे कुरडया वाळत होत्या.

"अवो! कोन हाय तिकडे?" गच्चीवरून आवाज आला.

"हात अजून गरम व्हायचाय," आजोबा म्हणाले.

दुसरा फटका जपून मारला. तोही कुरडयांत. तिसरा त्यांनी इतका हळू मारला की चेंडू सरळ आभाळात गेला. चौघेही कपाळावर हात धरून वर बघत राहिले, आणि तो आजोबांचे जोडीदार गुल्हाने यांच्या पाठीत येऊन बसला.

आर्वीच्या जोडीतले कडू कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काऊन जी साहेब, रॅकेट आनली का सुंभाची बाज?"

एवढ्यात गच्चीवरच्या बाई पदरात तीन चेंडू घेऊन कोर्टवर आल्या. (तिसरा कोणाचा होता, कोण जाणे!) "हे तुमचे बॉल. आन माया कुरडयाईचं काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुरडया हा विषय निघाला की बायकोकडे बघायचं, असा नियम असावा. मी दोन किलो गव्हाच्या कुरडया करून देते म्हणाले, तेव्हा कुठे खेळ पुढे सुरू झाला.

पहिला सेट सहा-शून्य गेला. गुल्हाने पाठ चोळत आले. "साहेब, तुमी मारूच नका. निस्तं टेकवा."

आजोबांनी रॅकेट नुसती पुढे धरली. आलेला चेंडू तारेत रुतायचा, जरा विचार करायचा आणि जाळीपलीकडे अलगद पडायचा. आर्वीकर पळून पळून लाल झाले. तरी दुसरा सेटही गेला, सहा-चार. हस्तांदोलन झाल्यावर मी विचारलं, "अहो, कोपर?"

त्यांनी हात वाकवला. सरळ केला. पुन्हा वाकवला. "दुखत नाही गं! हाताला काही लागतच नाही. उशीने खेळल्यासारखं वाटतंय." मग रॅकेटवर मूठ आपटून म्हणाले, "पण हे गटिंग केलंय कुणी?"

सोमवारी आम्ही दोघं दुकानात हजर. प्रवीणने मशीनचा काटा दाखवला. "मॅडम, माया मशीनवर पौंडच असते. चोवीस म्हनलं, मी चोवीस पौंड तानलं."

म्हणजे तन्मयने सांगितलेल्याच्या निम्म्याहूनही कमी.

"अरे, मग विचारायचं नाही का?"

"विचारलं नं जी! तुमी म्हनलं, मनाचं घालू नको." मग तो जरा घुटमळला. "मॅडम, राग नका मानू. पन चिठ्ठीत किलो का पौंड, लिहिलंच नव्हतं. आमी उत्तरापुढे नाई लिहिलं, तर तुमी अर्धा मार्क कापत होत्या."

आजोबा एकदम वळून भिंतीवरचे फुटबॉल बघायला लागले. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

त्या दोघांनी मला न विचारता अठ्ठेचाळीस पौंड ठरवले. तार तीच मऊ जातीची. आता चेंडू कोर्टात राहतो, कोपर शांत आहे आणि आजोबा सकाळी सहाला घराबाहेर असतात. मंदाबाई कुकर आधी घासते.

प्रवीणच्या दुकानात मात्र आता एक पाटी लागली आहे : "गटिंगचा ताण पौंडातच लिहून द्यावा. शिक्षकांनीसुद्धा." मी चष्मा लावून ती दोनदा वाचली. एखादी शुद्धलेखनाची चूक सापडली असती तरी मला पुरलं असतं. सापडली नाही.