वेणीची बाजू

"शून्य कुठं धरलंस?"

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी काहीही सांगायला गेलं की काका आधी हे विचारायचे. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलीय म्हटलं, की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "शून्य कुठं धरलंस? पार्किंग की तळमजला?" एकदा मी म्हटलं, आज चहा जरा गोड झालाय. तर म्हणे, "शून्य कुठं धरलंस? काकूंच्या चहाचं की तुझ्या?" डोकं फिरायचं माझं. साधं बोलायची सोय नाही या माणसाशी.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल. रिटायर झाल्यावर बाकीचे बागेत जाऊन बसतात, हा घरात कारखाना काढतो. काका एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मूळचे बुलढाण्याकडचे, पण जन्म मुलुंडमध्ये काढलेला. हॉलला लागून असलेल्या बाल्कनीत त्यांनी एक सीएनसी मशीन जोडलं होतं. कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं, टेबलाएवढं. आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारावरची नावाची पाटी त्या मशीनची आहे. माझीसुद्धा. ती पाटी म्हणजे खरं तर लाच होती. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. दुपारभर डोक्यावर घर्रर्र चालायचं, म्हणून मी भांडायला वर गेले होते आणि पाटी घेऊन खाली आले.

त्यांची मुलगी प्रज्ञा डेंग्यूने गेली. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. साधा ताप म्हणून घरी होती, हॉस्पिटलमध्ये नेलं आणि संपलंच. काकूंची नजर मधुमेहाने आधीच अधू झाली होती, त्यानंतर ती झपाट्याने गेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. भिंतीवरच्या फोटोसमोर त्या उभ्या राहायच्या, पण त्यांना काच लकाकलेली दिसायची, बस.

म्हणून काकांनी फोटोवरून प्रज्ञाचा चेहरा फळीवर उठावात कोरला. चांगला जमला होता. मी तिथंच होते. काकूंनी कपाळ, नाक, ओठ चाचपले. हात कानामागे गेला आणि सपाट फळीवर घसरला.

"आणि मागं?"

"मागं फळी आहे," काका म्हणाले. "मशीन वरूनच कोरतं."

"तोंड माझ्या डोळ्यांसमोर आहे हो," काकू म्हणाल्या. "हातांना तिची मागचीच बाजू ठाऊक. रोज वेणी घालायचे ना मी."

दुसऱ्या दिवशी काका साकीनाक्याला गेले.

तिथल्या एका गल्लीतल्या दुकानातून त्यांनी लाकूड पकडून फिरवणारा चक आणला, त्याची मोटर आणली, दुसऱ्या टोकाला लाकूड सावरायला अणकुचीदार आधार आणला. "चौथा अक्ष," मला सांगितलं. "आत्तापर्यंत मशीन डावं-उजवं, पुढं-मागं आणि वर-खाली हलायचं. आता लाकूडच फिरणार. आधी पाठ कोरायची, मग फिरवून तोंड. गॅसवर मक्याचं कणीस भाजतेस ना, तसं." मी म्हटलं, माझं कणीस एका बाजूने करपतं. काका खूप दिवसांनी हसले.

मोटर बसली, लाकूड फिरायला लागलं आणि मग काकांच्या लक्षात आलं की प्रज्ञाचा मागून काढलेला एकही फोटो घरात नाही. कुठून असणार? आपण माणसाला समोर उभं करून फोटो काढतो. माझ्या घरी जाऊन बघितलं तर माझ्याही माणसांचे सगळे फोटो समोरूनच. तुम्हीही बघा कधी.

काका मग दारोदार गेले. ज्या दारांवर त्यांनी पाट्या लावल्या होत्या, त्याच दारांत उभे राहून विचारायचे, "तुमच्याकडे आमच्या प्रज्ञाची पाठ आहे का?" लोक आत बोलवायचे, पाणी द्यायचे, मोबाइल चाळायचे. दार लागल्यावर म्हणायचे, म्हाताऱ्याची वाट लागली पोरीपायी. मला राग यायचा. पण मनात माझ्याही तेच यायचं.

मिळाली ती माझ्याच मोबाइलमध्ये. माझी मुलगी खाली सायकल शिकत होती, त्याचा व्हिडिओ मी काढला होता. प्रज्ञा सीट धरून मागून धावतेय, जाड वेणी पाठीवर आपटतेय. मला तो व्हिडिओ माझ्या मुलीचा म्हणून माहीत होता. काकांनी तो थांबवत थांबवत पाहिला आणि मोबाइल बराच वेळ परत दिला नाही.

मग कॉम्प्युटरवर डोकं घडवणं सुरू झालं. ते काम संपेना. काकूंना मध्येच विचारायचे, "पेड किती जाड घ्यायचीस?" काकू हवेत बोटांनी दाखवायच्या. "शेवटी रबर लावताना वेणी खांद्यावरून पुढं घ्यायचे, तशीच ठेवा," असंही त्यांनी सांगितलं. या सगळ्यात काका वाळत चालले. जिन्यात छातीवर हात धरून थांबायचे. घाटकोपरच्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. मी चिडून म्हटलं, "काका, दाखवून या ना आधी."

"हे होऊ दे, मग जातो."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे? काकूंनी कुणाकडे बघायचं?"

"अगं, दिसतं कुठं तिला," ते म्हणाले. असं तोडून बोलणारा माणूस नव्हता तो. मी खाली निघून आले.

एका दुपारी वर मशीन सुरू झालं, पण आवाज निराळाच. नुसती मोटर, लाकूड खाल्ल्याचा आवाज नाही. वर गेले तर काका स्टुलावर बसलेले. मशीनचं टोक लाकडाच्या बरंच वर, हवेतच फिरत होतं. भुशाचा कण नाही.

"काका, लागत नाहीये ते."

"माहीत आहे. बस." मग हळूच म्हणाले, "सवयीने वरून कागद लावून शून्य घेतलं. टोकाखाली कागद अडकला की ते शून्य. फळीचं असंच घेतात. फिरत्या लाकडाचं शून्य मधोमध असतं, त्याच्या पोटात. सगळ्या बिल्डिंगला विचारत फिरतो आणि मीच चुकलो."

"मग बंद करा ना."

"बंद करायलाच उठलो होतो. पण बघ ना, ती आहे तिथं. हा मानेचा खळगा. आता वेणी सुरू होईल."

मी बघितलं. टोक खाली उतरायचं, थोडं चढायचं, परत उतरायचं. तिथं काही नव्हतं आणि तरी मला वेणीचे पेड कळत होते. आतून काकूंनी विचारलं, "होतंय का हो?"

"होतंय," काका म्हणाले. पूर्ण होईपर्यंत त्यांनी ते थांबवलं नाही. मी शेजारी बसून रडले, लाज वाटली नाही.

नंतर शिवणीच्या लाकडाचा तोच ओंडका, बरोबर शून्य धरून, त्यांनी परत लावला. पाठ कोरून झाली. तेवढं होईपर्यंत ते दमले, म्हणाले तोंड उद्या. मशीन चालूच ठेवलं. "बंद केलं की शून्य विसरतं ते. मग दुसरी बाजू पहिलीशी जुळत नाही."

सकाळी काका दूध आणायला उतरले आणि जिन्यातच बसले. तिथंच गेले.

लोक जमले. काकूंचे भाऊ गोवंडीहून आले, माणसांना बसायला जागा हवी म्हणून त्यांनी मशीनची वायर काढली आणि ते भिंतीला सरकवलं. त्यांना काय माहीत? मी तेव्हा काकूंना धरून होते. त्रिशरण-पंचशील झालं. काकूंनी काकांच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, मिटलेले डोळे, वाढलेली दाढी. भुवयांपाशी थांबल्या आणि बोटं एकमेकांवर चोळून म्हणाल्या, "भुसा आहे." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे मी साकीनाक्याच्या त्या दुकानातल्या माणसाला शोधून आणलं. त्याने फाइल उघडली, ओंडका फिरवून बघितला आणि मान खाजवत मला विचारलं, "काकांनी झीरो कुठे पकडला होता?"

मला सांगता येईना.

"अंदाजाने लावतो ना," तो म्हणाला. "मध्ये जोड दिसेल थोडा. नाक वगैरे इकडंतिकडं होईल, बाकी होऊन जाईल."

"नको," काकू आतून म्हणाल्या. "चकमधून काढून द्या तेवढं."

मशीन गेलं. बाल्कनीत आता कपडे वाळतात, माझ्या डोक्यावर दुपारी काही वाजत नाही. मला ती शांतता आवडत नाही. संध्याकाळी मी काकूंकडे जाते तेव्हा ते डोकं त्यांच्या मांडीवर असतं, न कोरलेली बाजू पोटाशी. बोटं भांगापासून निघतात, मानेवरून वेणीचा एकेक पेड चाचपत खांद्यापर्यंत येतात. तिथून वेणी पुढं जायची होती. तिथं कोरं लाकूड लागतं. काकू थोड्या थांबतात, आणि हात उचलून परत भांगापासून सुरू करतात.