उघड्या रिमवरचा गंज

आमच्या घरी सायकल होती, पण तिला टायर आहेत हे फक्त घरातल्यांना ठाऊक होतं. बोरीत त्या वर्षी ज्याच्याकडे सायकल, तो ती अशीच ठेवायचा. निजामी राज्याचे ते शेवटचे महिने होते, पण ते शेवटचे आहेत हे कुणाला माहीत? आम्हाला एवढंच दिसायचं की पोलीस ठाण्याची माणसं येतात, धडधाकट सायकल घेऊन जातात आणि परत आणत नाहीत. म्हणून काम झालं की लोक टायर उतरवून लपवायचे आणि उघडी सायकल भिंतीला टेकवून ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचं, टायर मिळत न्हाईत, काय करावं? हद्दी बंद झाल्यापासून बाजारात टायर खरंच दिसत नव्हता. आमचे टायर ज्वारीच्या कणगीत असायचे.

आमचे हे शाळेत मास्तर होते आणि सायकल त्यांच्या हौसेची होती. पुढचा टायर जुना, सैल, हसत हसत चढायचा. मागचा मात्र त्यांनी हद्दीपलीकडच्या वऱ्हाडातून आणलेला. घोंगडीखाली अंगाभोवती गुंडाळून आणला होता. नाक्यावरच्या शिपायाला वाटलं, मास्तरांचं पोट सुटलंय. घरी चढवायला घेतला तर नंबर तोच, पण कड आखूड. सायकल एका कारखान्याची, टायर दुसऱ्याचा, दोघांचं काही पटेना.

ह्यांचं फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, पण हातात हत्यार दिलं की देव आठवायचा. सुरुवात करायचे ती नेमकी हवेच्या नळीपासून, आणि शेवटी राहिलेल्या वीतभर कडेत माझं उलथणं खुपसून उचकायचे. टायर चढायचा, पण आतली ट्यूब उलथण्याखाली चिमटून फाटायची. मग टायर वाईट, ट्यूब वाईट, विकणारा वाईट. नाचता येईना अंगण वाकडं! दुसरं उलथणं वाकडं झालं तेव्हा मी चिडून म्हटलं, "सरका बाजूला. बांगड्या भरताना कासारणीला कधी बघितलंय का?"

माझं माहेर मानवतचं. आमच्या गल्लीत एक कासारीण यायची. हात मोठा आणि बांगडी लहान असली तरी ती बांगडी ओढायची नाही, हात चेपायची. अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबून धरला की बांगडी आपसूक सरकायची. मी तेच केलं. रिमच्या मधोमध पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. नळीच्या समोरच्या बाजूने कड चढवत यायची आणि चढलेली कड दोन्ही तळव्यांनी चेपत त्या पन्हळीत उतरवायची. तिथे घेर लहान, म्हणून नळीकडे तेवढी ढील मिळते. रिठ्याच्या पाण्याचा हात फिरवायचा आणि उरलेली कड अंगठ्यांनी आत ढकलायची. टप्प असा आवाज होतो, आणि टायर बसतो. हत्यार लागतच नाही. हे बघत राहिले. तोंडाने शाबासकी काही निघाली नाही, पण नंतर गुपचूप माझ्याकडून शिकून घेतलं.

इथवर सगळं हसण्यासारखंच होतं. पण शाळा सुटल्यावर हे पारावर बसून वऱ्हाडातलं वर्तमानपत्र लोकांना वाचून दाखवायचे, आणि त्या दिवसांत तो विस्तवाशी खेळ होता. आसपासच्या गावांतून माणसं ठाण्यावर नेलेली आम्ही ऐकत होतो. एकाचं तर पुढे काही कळलंच नाही. सासूबाई रोज म्हणायच्या, "नको रे बाबा वाचत जाऊ. भिंतीलाबी कान हायेत." हे ऐकायचे नाहीत. मला भीती वाटायची, आणि भीती वाटते म्हणून रागही यायचा. तो सगळा राग मी भाकरी थापताना काढायची.

आम्ही एक खूण ठरवून ठेवली होती. हे बाहेर असताना ठाण्याचं कुणी आलं, तर मागच्या भिंतीवर लाल लुगडं वाळत घालायचं. ते दिसलं की ह्यांनी घरी न येता ज्वारीतून तडक नदी गाठायची. नदीच्या उतारावर नाका होता, पण तिथले शिपाई मास्तरांना ओळखायचे, रोजच्यासारखं जाऊ द्यायचे. नाक्यावर खबर जाईपर्यंत नदी ओलांडायची, की पुढे वऱ्हाडाची वाट मोकळी.

श्रावणातल्या एका दुपारी ठाण्याचा जमादार आमच्या अंगणात आला. पन्नाशीचा माणूस, दाढीला मेंदी, बोलणं मोजकं. मास्तरांबद्दल त्याने काही विचारलं नाही. सरळ सायकलीपाशी गेला.

"टायर नहीं?"

"मिळत न्हाईत जी," सासूबाई म्हणाल्या.

तो वाकला आणि मागच्या रिमच्या आत, त्या पन्हळीत, बोट फिरवलं. मग बोट उजेडात धरून बघितलं. श्रावणाच्या दमट हवेत टायर नसलेली रिम चार दिवसांत तांबडी होते. आमची रिम रिठ्याच्या पाण्याने घासलेल्या तांब्यासारखी लखलखत होती. गावातल्या सगळ्या उघड्या सायकली तशाच होत्या. एवढं शहाणं गाव, पण खोटं बोलायचं तर थोडा गंजही दिसायला हवा, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. जमादाराने कोरं बोट पँटीला पुसलं आणि तो निघून गेला.

"काई बोलला न्हाई. बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या. मला काही ते बरं वाटलं नाही. बोलणारा माणूस एक वेळ परवडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो परत आला. या वेळी सोबत एक तरणा शिपाई होता. त्या शिपायाला सारा मुलूख भ्यायचा. मारताना तो हसतो असं लोक सांगायचे. हे नुकतेच तांब्या घेऊन बाहेर गेले होते.

"मास्तर किधर है?"

"परसाकडं गेलेत," सासूबाई म्हणाल्या. मग धुतलेलं लाल लुगडं उचलून, रोजचं काम असावं तशा मागच्या भिंतीकडे गेल्या.

दोघे ओट्यावर बसले. बराच वेळ झाला तरी हे आले नाहीत, येणार नव्हतेच. शिपाई उठला. "भाग गया जमादारसाब. नाके पे खबर देना. मैं दौड़ता."

"दौड़के तू कब पहुँचता?" जमादार म्हणाला. "सैकल है ना. टायर लगने दे, मैं जाता." मग माझ्याकडे बघून, "टायर निकालो बाई. झूट नक्को."

मी कणगीतून टायर काढले. आता सगळं उघड होतं. टायर चढला की जमादार नाक्यावर जाणार. तो ह्यांच्या आधी पोचला की ह्यांना धरणार, आणि धरल्यावर तो हसणारा शिपाई होताच. टायर जितका उशिरा चढेल तितकी ह्यांची पावलं नदीकडे पडतील. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

पुढचा टायर मी जमेल तितका लांबवला. मग मागचा घेतला, आणि आमचे हे जे जे चुकीचं करायचे ते सगळं केलं. नळीपासून सुरुवात केली. रिठ्याचं पाणी घेतलं नाही. एका बाजूने कड चढवायची आणि दुसऱ्या बाजूने निसटू द्यायची. उलथणं आणलं, खुपसलं, उचकलं. घाम मात्र खरा होता. एकदा उलथणं सटकून मनगटावर बसलं आणि हातातली बांगडी खळकन फुटली.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "वाढली म्हण," त्या पुटपुटल्या. "वाढली म्हण गं, पोरी."

"वाढली," मी म्हटलं. तुकडे वेचताना मला समोरचं दिसत नव्हतं. वाटलं, तिकडे नदीवर जे व्हायचं ते झालं.

शिपाई चरफडत पुढे आला. "छोड, मैं करता."

"बैठ," जमादार म्हणाला, आणि स्वतःच येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला. उलथणं हातात घेतलं. त्यानेही नळीपासून सुरुवात केली! कण्हत होता, शिव्या देत होता, कड चढवत होता आणि ती निसटत होती. मला हायसं वाटलं. म्हटलं, ह्याला काही येत नाही, चालू दे. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं तरी टायर तसाच. शेवटी शिपाई कंटाळला आणि बिडी पेटवायला विस्तव आणतो म्हणून शेजारी गेला.

तो वळणाआड होताच जमादाराने उलथणं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता चाक फिरवलं, नळी आपल्याकडे घेतली, आणि समोरच्या बाजूने दोन्ही तळव्यांनी कड चेपत चेपत पन्हळीत उतरवत आणली. कासारीण हात चेपते तशी. शेवटी दोन अंगठे टेकवले. टप्प.

"मेरा बाप सैकलां सुधारता था, बाई," तो हळूच म्हणाला. "मास्तरकू बोलो, अब्बी इधर नक्को आना."

मग त्याने हवा भरली. शिपाई परतल्यावर मोठ्याने ओरडला, "बन गया! क्या हरामी टायर है!" आणि सायकलीवर बसून निघाला. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. तो घाईने पायडल मारत नव्हता.

शिपायाच्या डोळ्यांदेखत आम्ही दोघं एकाच टायरवर वेळ काढत होतो, हे मला तेव्हा कळलं. आदल्या दिवशी रिममध्ये बोट फिरवलं तेव्हाच त्याने आम्हाला ओळखलं होतं. हे सुखरूप वऱ्हाडात पोचले. चार दिवसांनी एका गुराख्याने निरोप आणला.

भाद्रपदात राज्य बदललं. फौज आली, गावाने साखर वाटली, हे परत आले. त्यानंतरचे दिवस आनंदाचे होते असंच सगळे सांगतात. पण गावातल्या काही मुसलमान घरांना कुलपं होती, आणि काहींना कुलूप लावायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. त्याबद्दल पारावर कुणी वर्तमानपत्र वाचलं नाही.

अशातच गावातले दोघे जण आमची सायकल ढकलत घेऊन आले. "घ्या मास्तर, तुमची लक्ष्मी घरी आली." दोन्ही टायर जागेवर, हवा गच्च भरलेली.

"कुठं गावली?" मी विचारलं.

"गावली म्हंजी गावली, वैनी."

"आन् जमादार कुठं हाय?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, "आता तुमाला त्याचं भ्याव धरायचं कारण न्हाई." आणि चहालाही न थांबता ते गेले.

ह्यांना मी सगळी हकीकत आधीच सांगितली होती. त्यांनी सीटवर हात ठेवला तेव्हा माझा तोल गेला. "ह्या सायकलीवर टांग टाकायची असेल तर आधी जाऊन त्याचं काय झालं ते विचारून या," मी म्हटलं. "आणि चालत जा."

ते चालत गेले. संध्याकाळी परत आले, पाय धुतले, पाटावर बसले, पण ताटाला हात लावेनात. मी विचारलं, "त्याच्या घरी कुणी भेटलं?"

"बायको भेटली," ते म्हणाले. "तिचे हात मोकळे होते."

मी माझे हात पदराखाली घेतले.

जेवण तसंच टाकून हे अंगणात गेले आणि त्यांनी दोन्ही टायर उतरवले. हत्यार न लावता, समोरून कड चेपत, मी शिकवलं होतं तसं. कणगीत मात्र ठेवले नाहीत, ओट्यावर उघडेच ठेवले. लोक म्हणायचे, मास्तर, आता टायर लावा की, आता कोण नेतंय? हे नुसती मान हलवायचे आणि शाळेला चालत जायचे. सायकल भिंतीलाच राहिली. पुढच्या श्रावणात तिच्या पन्हळीतून बोट फिरवलं की ते तांबडं व्हायचं.