मावशींचं बोट आणि बिलाची स्क्रीन

दुकानातलं बिलाचं मशीन दुरुस्त करायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "इंजिनिअर कुठाय?" खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात स्क्रू ड्रायव्हर, गळ्यात ओळखपत्र, तरी माणसं माझ्या मागं बघतात. आधी मी हसायचे. आता सरळ सांगते, "मीच. चहा नको, प्लग दाखवा."

शुक्रवार पेठेतल्या चटणीच्या दुकानातही तेच झालं. पुढं काउंटर, मागच्या खोलीत शेंगा कुटायचं कांडप मशीन. बिलाचं मशीन आम्हीच बसवलेलं, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारं. कीबोर्ड नाही, माऊस नाही. स्क्रीनवर शेंगा चटणी, कडक भाकरी, पापड असे चौकोन. बोट लावलं की बिलात नोंद. तक्रार अशी की स्क्रीन बोट घेत नाही.

मी बोट लावलं, चाललं. मालकांनी लावलं, चाललं.

"मग कुणाचं घेत नाही?" मी विचारलं.

मालकांनी काउंटरवर बसलेल्या मावशींकडं बघितलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर खोचलेला. त्यांनी शेंगा चटणीच्या चौकोनावर बोट ठेवलं. काही नाही. जोरात दाबलं. तरी काही नाही. समोरचं गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं.

"मावशी, हात तेलकट असतील. साबणानं धुऊन या," मी म्हटलं, आणि तेही चढ्या आवाजात. सकाळपासूनचं ते माझं तिसरं दुकान होतं.

"तीनदा धुतलेत की बाई. हे बघ."

त्यांनी तळवा पुढं केला. मी बोटांची टोकं चाचपली. टाचेसारखी होती, जाड आणि कोरडी. तीस वर्षं विड्या वळल्या त्या बोटांनी, त्यांनीच सांगितलं. पान कातरायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, तोंड मोडायचं, परत दुसरं पान. मला माझीच इतकी लाज वाटली की पुढची दोन मिनिटं मी उगाच वायरी तपासत बसले.

मालकांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. "मावशी हिशेबाला पक्की, गिऱ्हाईक सगळं ओळखीचं. पण रांग लागते हो. आज जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून मेहुण्याला बसवतो, मावशी मागं पॅकिंगला."

बोलले हळू, पण दुकान ते केवढं! ते आत गेल्यावर मावशी माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मागं बसायला मी न्हाय म्हणत न्हाय. पण जलमभर भुईवर बसून काम केलं बाई. खुर्ची हीच पैली."

मी स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "रबरी टोकाचं पेन देऊन टाका मॅडम, सोपं पडेल." माझं डोकंच फिरलं. बोट बाईचं, अडचण स्क्रीनला, आणि बाईनं पेन शोधत बसायचं? "बोट बदलता येत नाही," मी म्हटलं, "स्क्रीनचं काय ते सांगा." तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. स्क्रीनच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे बोट लागलं की नाही हे ठरवणारा बारकासा प्रोग्राम, त्याची नवी आवृत्ती आली होती. कोरडं, जाड बोटही तिला कळत होतं. लिनक्ससाठी फाइल होती, पण कुणी चालवून बघितली नव्हती. "तुमच्या जबाबदारीवर बघा," तो म्हणाला. बघतेच, मी म्हटलं.

भीती एकच होती. फर्मवेअर चढत असताना वीज कमीजास्त झाली तर स्क्रीन कायमची जायची. आणि या दुकानात कांडप सुरू झालं की दिवे मिचमिचायचे.

"दहा मिनिटं कांडप बंद ठेवा," मी मालकांना सांगितलं.

"ऑर्डर आहे, बाई."

"मग मी निघते."

कांडप बंद झालं. मी लॅपटॉप जोडला, कमांड दिली. टक्के सरकायला लागले. साठाच्या पुढं जाऊन ते थांबले. मावशी माझ्यामागं श्वास धरून उभ्या. मग एकदम शंभर! मी मशीन बंद करून परत सुरू केलं, स्क्रीन काळी झाली, आणि मी म्हटलं, "नवं बसवलंय, सुरू व्हायला वेळ आहे. ऑफिसला फोन करून येते, कुणी हात लावू नका."

परत आले तर आत गोंधळ. स्क्रीन आपोआप बिल करत होती! शेंगा चटणी, शेंगा चटणी, शेंगा चटणी. कुणाचं बोट नाही, काही नाही, ओळींवर ओळी.

"भूत शिरलं की हो यात!" मालक ओरडले. "होतं ते बरं होतं!"

पेन दिलं असतं तर निदान मशीन तरी धड राहिलं असतं. जुनं फर्मवेअर परत चढवायचं म्हणून मी वाकले आणि जवळून बघितलं. शेंगा चटणीच्या चौकोनावर ओलं हळदीकुंकू! बाजूला मावशी, हातात कुंकवाचा करंडा.

"मावशी! हे तुम्ही?"

"अय्यो, मग? तू म्हणालीस नवं बसवलं. काळं हुतं तवर लावलं. कुंकू न लावता नवं काम कसं सुरू करायचं?"

स्क्रीन आता इतकी हुशार झाली होती की ओल्या कुंकवालाही ती बोट समजत होती. रागवायला मी तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. म्हणजे फर्मवेअर चढलं होतं! माझंच काम होतं ते, आणि नीट झालं होतं! मी रुमालानं स्क्रीन पुसून कोरडी केली, मशीन परत सुरू केलं आणि खुर्ची पुढं ओढली. "बसा."

मावशींनी बोट ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. शेंगा चटणी, एकदाच. कडक भाकरी. पापड. खडखड करत बिल बाहेर आलं. मालक म्हणाले, "वा!" आणि आत जाऊन कांडप सुरू केलं. मेहुण्याचं नाव परत निघालं नाही. आजवर मी कितीतरी मशीनं उभी केली, पण त्या बिलाएवढा अभिमान मला कशाचाच वाटला नाही. बिंधास्त सांगते.

मी बॅग भरली. मावशींनी मला थांबवलं, करंडा उघडला.

"मशीनला सोसत न्हाय, तर तुला लावते. इंजिनिअर तूच की."

कुंकू लावताना त्यांचं बोट कपाळावर खरखरीत लागलं. लगेच त्यांनी ते पदराला स्वच्छ पुसलं, खुर्चीत ताठ बसल्या आणि रांगेकडं बघून म्हणाल्या, "हां, बोला. काय पायजे?"