जपानच्या देवाला मलकापूरचा नारळ

आख्ख्या मलकापुरात जपानचा देव बघून आलेला पहिला गडी मीच! खरं सांगायचं तर देव दिसलाच नाही, तो तिथं पडद्याआडच असतो. आणि माझा दोस्त बापू माझ्याआधी आत घुसला होता. पण ते जाऊ द्या. बापूसंगं चार दिवस काढले की किश्श्यांची रास लागते, कुठला उचलावा कळत नाही.

पंचाहत्तर-शहात्तर साल असंल. आम्ही सातारा-सांगलीचे ऊसवाले जपानची शेती बघायला निघालो. बापूच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी, पिशवीत नारळ घातला. नुकतीच त्यांनी बापूची दारू सोडवली होती. "न शिवता ऱ्हायलासा, तर तिथल्या थोरल्या देवाम्होरं फोडा. शिवलासा, तर घरात पाय टाकू नगा!"

तिथलं थोरलं देऊळ शिंतोचं, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, लय जुनं. लाकडी कमान, दाट झाडी. कमानीपाशीच बापूनं पायताणं काढून झुडपात लपवली. बाकी सगळे बूट घालून आत! खडीवर हा नाचतच चालला. मागनं एक जपानी म्हातारा ती पायताणं दोन्ही हातांत घेऊन पळत आला, वाकला. बापू वाकला. म्हातारा परत वाकला.

"आरं सोडीव मला, ह्यो थांबंना!" बापू वाकूनच वरडला.

पुढं पाण्याचं टाकं, त्यावर बांबूच्या पळ्या. हिंदी शिकलेली जपानी दुभाषी बाई म्हणाली, "पहले हाथ, फिर मुँह. पीना नहीं." तोवर बापूनं तीर्थ म्हणून पिऊन, डोक्यावरनं हात फिरवून, परत ओंजळ पुढं केली होती!

देवापुढं दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग एकदा वाकायचं. मी बापूच्या कानात सांगितलं, "देव ओ देईपत्तुर वाजवायची." गड्यानं आरतीच धरली! मागं रांग वाढत चालली. शेवटी बाईनंच त्याचे हात धरले.

मग नारळ. बापू फोडायला दगड हुडकायला लागला. बाईनं पुजाऱ्याला बोलावलं. त्यानं नारळ कानाशी हलवला, आतलं पाणी ऐकून हसला आणि आख्खाच देवापुढं ठेवला. मंत्र म्हटले. मग दोन्ही हातांनी बापूपुढं छोटी बशी धरली.

बापूनं वास घेतला आणि पांढराफटक पडला. तांदळाची दारू!

"प्रसाद है," बाई म्हणाली.

"आता काय करू रं?"

"दे हिकडं, तुझ्या वाटचं मी घेतो."

"परसाद नाकारायचा बी न्हाई आन् दुसऱ्याला द्यायचा बी न्हाई," म्हणत त्यानं डोळे मिटले आणि घेतला.

बापूच्या घरी आलो, तर वहिनी दारातच आडव्या उभ्या. "शिवलासा?"

"देवानं दिली गं, परसाद म्हणून," बापू पुटपुटला.

"वहिनी, खरं हाय! मी साक्षीला व्हतो," मी म्हणालो.

वहिनींनी दार लावता लावता म्हटलं, "देवानं पाजली न्हवं? मग जेवायबी त्योच घालंल. आन् भावजी, साक्षीला तुमीबी बसा त्याच्याच पंगतीला!"